सुरी आत किती जावी

मनोरला चांगली मासळी येते ती बहुतेक पालघरच्या रस्त्याने, सातपाटी-मुरब्याकडून. बोंबील, मांदेली असली की घरच्या विळीवर भागतं. पण चार घरांनी मिळून आठ-दहा किलोचा घोळ मासा घेतला की विळी अडते. विळीचं पातं जागेवर असतं आणि मासा दोन्ही हातांनी त्यावर फिरवावा लागतो. एवढं निसरडं धूड तसं पेलत नाही. इथे मासा पडून हवा आणि पातं फिरतं.

दोन हत्यारं पुरतात: वीतभर पात्याची पातळ, टोकदार सुरी आणि वजनदार कोयता. सुरी घेताना आधी मूठ बघा. हात ओले करून धरून पाहा. बोटं पात्याकडे घसरत असतील तर ती सुरी नको. साधं पोलाद गंजतं, पण दगडावर चटकन धार घेतं. स्टेनलेस गंजत नाही, धारेला मात्र वेळ खातं. रोज मासे करणाऱ्याने साधं पोलादच घ्यावं, असं मला वाटतं. सुरीची धार दर बाजूने 15 ते 20 अंशांची, कोयत्याची 25 ते 30ची. कोयत्याला सुरीसारखी बारीक धार लावली तर पहिल्याच हाडावर ती मोडते.

खाली चिंचेचा ओंडका असावा. चिवट लाकूड, भुसा सोडत नाही. आधी पर कापा, मग सुरीच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे खवले काढा. शिंगाळा असेल तर पाठीवरचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन असे तीन काटे सगळ्यांत आधी कोयत्याने उडवा. ते विषारी असतात, मेलेल्या माशाचेही टोचतात.

आता पोट. सुरीची धार वर, आपल्याकडे नव्हे तर डोक्याकडे. गुदद्वारापाशी टोक जेमतेम अर्धं बोट आत घाला आणि कातडी उचलत पुढे न्या. खोल गेली तर पित्त फुटतं आणि आसपासचं मांस कडू होतं. घोळ माशात त्याहून मोठं नुकसान आहे. आतड्यांच्या वर, कण्याला चिकटून त्याचा बोत असतो: पांढुरका, जाड, कडांना झालरीसारखे फाटे फुटलेला फुगा. ऑगस्ट 2021च्या अखेरीस मुरब्याच्या एका बोटीला 157 घोळ मिळाले आणि लिलावात त्यांचे 1 कोटी 33 लाख रुपये आले, ते या बोतापायी. वाळवलेल्या बोताला चीन-हाँगकाँगकडे मोठी मागणी असते. चिरलेल्या बोताचा भाव पडतो. म्हणून आतडी काढली की सुरी बाजूला ठेवावी आणि अंगठ्याने, शेपटीच्या बाजूने, बोत हळूहळू सोडवावा.

कणा कापताना घाव घालत सुटू नका. हाडाचा चुरा तुकड्यांत जातो आणि पोरांच्या घशात टोचतो. सुरीचं टोक कण्यावरून सरकवलं की दोन मणक्यांमधली मऊ जागा लागते. कोयता तिथे टेकवून पाठीवर लाकडी दांडक्याचा एक ठोका द्यायचा. कट्‌ असा आवाज आला की सांधा सुटला. डोकंही तसंच, कल्ल्यांच्या लगेच मागून. मधेच सुरी दाबावी लागली तर थांबून दगडावर फिरवून घ्या. बोटं कापतात ती बहुधा अशा जोर लावलेल्या बोथट सुरीनेच.

काम झालं की हत्यारं आधी गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने रक्त पात्यावर शिजतं आणि वास धरतो. मग कोरडी पुसून पात्याला खोबरेलाचं बोट फिरवायचं.