जॅझच्या तबकड्या आणि रसिकांचे बोलणे

दोन रसिक एकच तबकडी ऐकतात आणि आपापले मत सांगू लागतात. अशा बोलण्यास आपण गप्पा म्हणतो. परंतु त्यातील वाक्यांकडे पाहिले असता त्यांचे दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे करता येतात, आणि जॅझच्या बाबतीत तो भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

जॅझ हे बव्हंशी वाजवताना सुचणाऱ्या उपजेचे संगीत होय. एकदा झालेले वादन पुन्हा तसेच होत नाही. १९१७ मध्ये अमेरिकेत जॅझची पहिली तबकडी निघाली, तेव्हापासून ही क्षणिक उपज पुनःपुन्हा ऐकता येऊ लागली. १९३५ मध्ये लिऑन ॲबे यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील जंक्शन. येथून यवतमाळ व अचलपूर या दोन्ही दिशांना नॅरोगेज गाड्या धावत. तथापि मुंबईतील नृत्यगृहातले वादन गाडीने येथवर येणारे नव्हते. अशा गावच्या रसिकाला जॅझची ओळख व्हावयाची ती तबकडी, चित्रपट किंवा रेडिओ यांच्याद्वारेच. १९५५ पासून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’वर विलिस कॉनोव्हर यांचा जॅझचा कार्यक्रम लघुलहरींवरून होत असे, परंतु रेडिओवरील वादन मागे नेता येत नाही, तबकडीवरील नेता येते.

आता वाक्यांचा विचार करू. ‘मला हे उदास वाटले’ असे एक जण म्हणतो. वऱ्हाडीत हेच ‘मले हे उदास वाटलं’ असे होईल. रूप ‘मला’ असो वा ‘मले’, ऐकणारा चतुर्थीत आहे. तो काही करीत नाही. अनुभव त्याच्याकडे आलेला आहे. अशा विधानास ‘तुम्हाला तसे वाटले नाही’ असे उत्तर देता येत नाही, आणि म्हणून संवाद तेथेच खुंटण्याचा संभव असतो. उलट ‘येथे आधारस्वर वर सरकतो’ या वाक्यात कर्ता संगीतातीलच एक घटक आहे. ते खरे की खोटे, हे सुई मागे ठेवून दोघांनाही तपासता येते.

माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीतील ‘सो व्हॉट’ हे पहिले वादन घ्या. मराठी रसिकास त्यात काफीची छाया वाटेल. हे वाटणे निराधार नाही. त्यातील कोमल गांधार व कोमल निषाद यांसह स्वरसप्तक काफी थाटाचेच आहे. पण प्रत्येक ३२ मात्रागणांच्या आवर्तनात पहिले १६ गण झाल्यावर पुढील ८ गण तेच सप्तक अर्ध्या स्वराने वर जाते व शेवटच्या ८ गणांत मूळ जागी परतते. ख्यालात षड्ज असा हलत नाही. म्हणजे ‘काफी’ हा शब्द स्वरांपुरता खरा ठरतो. रागाची कल्पना त्याबरोबर आली की तो दिशाभूल करतो. ‘आवर्तन’ या शब्दाचेही तसेच आहे. तबल्याचे आवर्तन काल मोजते. जॅझचे आवर्तन कालाबरोबर स्वरसंवादांचा क्रमही मोजते.

यावरून आपले शब्द टाकून द्यावेत असे मात्र नाही. ओळखीच्या शब्दाशिवाय अनोळखी संगीतात पहिले पाऊल पडत नाही. तो कोठवर लागू पडतो, हे मात्र पाहिले पाहिजे. ‘मला उदास वाटले’ यावर सोबत्याने ‘कोठे?’ एवढेच विचारले, तर बोलणारा सुई मागे नेतो, ती जागा शोधतो आणि चतुर्थीचे वाक्य प्रथमेचे होऊ लागते. जेथे मैफल नाही आणि शिकवणाराही नाही, तेथे हा प्रश्न विचारणारा सोबती हीच रसिकाची शाळा होय.