एम.ए. इंग्रजी: आखणी शेवटाकडून करायची

मागचं व्याख्यान संपल्यावर एम.ए. इंग्रजीला नुकताच प्रवेश घेतलेल्या तीन-चार मुलांनी आम्हाला दाराशीच गाठलं. प्रश्न एकच. "सर, इलेक्टिव्ह कोणतं घ्यावं? सोपं काय जाते?" आजचा विषय त्या मुलांनी दिलेला आहे.

आता आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली. इंग्रजीच्या पेपरांबद्दल या गृहस्थानं कशाला बोलावं, असं कोणी म्हणेल. पण आमच्या नोकरीच्या काळात साहित्यसिद्धान्ताचा पेपर आला की इंग्रजीची मुलं सोस्यूर, देरिदा, फुको घेऊन आमच्याच टेबलाशी यायची. त्यामुळे त्या विभागाचं सुखदुःख आम्ही शेजारच्या खोलीतून बरंच पाहिलं आहे.

आधी हिशेब करू, कारण तो बहुतेकांनी केलेलाच नसतो. आपल्या जिल्ह्यातली महाविद्यालयं 1983 पासून अमरावती विद्यापीठाकडे आहेत, त्याआधी नागपूरकडे होती. आमच्या वेळी वर्षाअखेर परीक्षा असायची, पेपर ठरलेले असायचे, निवडायला काही नसायचं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्य शासनानं 2023-24 पासून पदव्युत्तर वर्गांना जो आराखडा दिला, त्यात दोन वर्षांत 88 क्रेडिट आहेत, दर सत्राला 22. त्यातली 54 क्रेडिट म्हणजे मुख्य विषयाचे सक्तीचे पेपर. इलेक्टिव्हची 16, चार सत्रांत चार-चार. पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीची 4, दुसऱ्यात प्रत्यक्ष कामाची किंवा क्षेत्रीय प्रकल्पाची 4. आणि संशोधन प्रकल्पाची 10: तिसऱ्या सत्रात 4, चौथ्यात 6.

म्हणजे इलेक्टिव्ह, क्षेत्रीय काम आणि प्रकल्प मिळून 30 क्रेडिट अशी आहेत, जिथे विद्यार्थ्याच्या निवडीला काही जागा आहे. एक तृतीयांशाहून जास्तच. आणि ही तीस क्रेडिट आपली मुलं कशी ठरवतात? नोट्स कशाच्या मिळतात, यावरून.

इथे आमचीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगी विचारायला आली होती. हुशार, पण रोज एस.टी.नं येऊन-जाऊन शिकणारी. आम्ही वडीलकीच्या सुरात सांगितलं, "बाई, तयार साहित्य ज्याचं मिळतं ते घे, मार्क पडतील." मार्क पडलेही. शेवटच्या सत्रात प्रबंधिकेची वेळ आली, तेव्हा तिच्याकडे विचारायला एकही प्रश्न नव्हता. वाचलेलं सगळं सुटं सुटं. एका अमेरिकन कादंबरीवर इकडून तिकडून उतरवलेली पन्नास पानं तिनं जमा केली, आणि आमच्याकडे येऊन म्हणाली, "सर, याच्यात माझं काहीच नाही." आमच्याजवळ त्यावर उत्तर नव्हतं.

तेव्हापासून आम्ही उलटं सांगतो. चौथ्या सत्रापासून सुरुवात करा. प्रवेशाच्या पहिल्या महिन्यात वहीच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न लिहा, कच्चा, वेडावाकडा कसाही, आणि पुढचा प्रत्येक पेपर त्या प्रश्नाला काय देतो ते पाहत चला. प्रश्न पुढे बदलेल. बदलूच द्या.

प्रश्न आणायचा कुठून? मुलांना वाटतं इंग्रजीचा प्रश्न लंडनहून येतो. आपल्या बुलढाण्यातच एक पडलेला आहे. ताराबाई शिंदे इथल्या, जन्म 1850 चा. 'स्त्रीपुरुषतुलना' 1882 मध्ये पुण्यात छापली गेली. मग हे पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेलं, आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. 1991 मध्ये सुसी थारू आणि के. ललिता यांच्या इंग्रजी संकलनात त्याचा अंश आला, 1994 मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांचा संपूर्ण अनुवाद. आज परदेशातल्या विद्यापीठांत ताराबाई वाचल्या जातात, आणि बुलढाण्यातला एम.ए. इंग्रजीचा विद्यार्थी मात्र अमेरिकन कादंबरीच्या नोट्स शोधत फिरतो!

समजा, प्रश्न असा धरला: ताराबाईंच्या मराठीतला घरगुती तडाखा, तो वाचकाच्या तोंडावर फेकलेला सवाल, इंग्रजीत जाताना टिकतो का? आता पेपर बघा कसे रांगेत येतात. एकोणिसाव्या शतकातल्या गद्याचा पेपर असेल तर जॉन स्टुअर्ट मिलचा 1869 चा स्त्रियांच्या दास्यावरचा निबंध नीट वाचायचा. मिल युक्तिवाद करतो, एकेक पायरी चढतो. ताराबाई भांडतात, आणि भांडता भांडता युक्तिवाद करून जातात. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा फरक फार मोलाचा वाटतो, कारण युक्तिवाद फक्त शांत आवाजातच होतो, हा आमच्या विषयाचा जुना गैरसमज आहे. सिद्धान्ताच्या पेपरात स्त्रीवादी समीक्षा येते. इलेक्टिव्हमध्ये अनुवादाचा पेपर असला तर तोच घ्या. क्षेत्रीय प्रकल्पासाठी गावातल्या पाच-सात बायकांसमोर मूळ मराठीतली दोन पानं वाचा, कुठल्या वाक्याला त्या हसल्या, कुठे गप्प झाल्या, ते लिहून ठेवा. तिसरं सत्र येईपर्यंत तुमच्याकडे असं काही असेल, जे इंटरनेटवर कोणाकडेच नाही.

आता तुम्ही म्हणाल, सर, आमच्या कॉलेजात इलेक्टिव्ह एकच असते. खरं आहे. तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन शिक्षकांवर विभाग चालतो, तिथे निवड कागदावरच राहते. हा दोष मुलांचा नाही आणि एकट्या शिक्षकांचाही नाही. पण ठरलेल्या पेपरातही अंतर्गत मूल्यमापनाचा सेमिनार असतो, गृहपाठ असतो. त्याचा विषय बहुतेक वेळा मागून घेता येतो. शिक्षक आनंदानं देतात, कारण कोणी मागतच नाही. दुसरी वाट 'स्वयम्'ची. यूजीसीच्या 2021 च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंतचे कोर्स त्या ऑनलाइन व्यासपीठावरून घ्यायला विद्यापीठ परवानगी देऊ शकतं. मात्र नाव नोंदवण्याआधी तो कोर्स आपल्या विद्यापीठाला चालतो का, हे विभागप्रमुखांना लेखी विचारा. नंतर रडून क्रेडिट मिळत नाही.

वेळेचंही आजच बोलू. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे साधारण साठ तास वर्ग. वाचन त्याच्या बाहेर. आपल्याकडची निम्मी मुलं शेतकऱ्याघरची. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, पाठोपाठ कापसाची वेचणी, आणि पहिल्या सत्राची परीक्षा त्याच सुमाराला डोक्यावर. तेव्हा जाडजूड कादंबरी ऑगस्ट-सप्टेंबरातच संपवायची. सोंगणीच्या दिवसांसाठी कविता ठेवा, एकांकिका ठेवा. कविता बसमध्ये उभ्यानंसुद्धा दहादा वाचून होते. 'मिडलमार्च' एस.टी.त उभ्यानं वाचणारा आम्ही अजून पाहिला नाही.

नेट-सेटचा प्रश्न कोणी ना कोणी विचारणारच. त्या परीक्षेला सगळे कालखंड लागतात, सिद्धान्तही, भाषाही आणि संशोधनपद्धतीही. तेव्हा आपल्या प्रश्नाच्या मागे लागून सक्तीच्या 54 क्रेडिटांकडे पाठ फिरवू नका. चॉसर रुक्ष वाटला तरी वाचावाच लागेल. तो तसा रुक्ष नाहीही, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

ती मुलगी आज एका शाळेत इंग्रजी शिकवते. दोन वर्षांपूर्वी घरी आली, तेव्हा टेबलावर 'स्त्रीपुरुषतुलना' पडलेली होती. चाळता चाळता म्हणाली, "सर, ही बाई आपल्या बुलढाण्याची? तेव्हा कोणी सांगितलं कसं नाही?" आम्ही गप्प. पुस्तक तिनं वाचायला नेलं. अजून तिच्याकडेच आहे, आणि आम्ही परत मागितलेलं नाही.