रडण्याचे गुण

कॉलेजातल्या मुलामुलींकडून नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली आणि मुलींची सरासरी जास्त आली, की 'मुली अधिक निराश' असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण ही मोजपट्टी दोघांना सारखंच मोजते का, हे आधी पाहावं लागतं.

सीईएस-डी ही प्रश्नावली घेऊ. अमेरिकेतल्या लेनोर रॅडलॉफ यांनी ती १९७७ साली प्रसिद्ध केली. तिच्यात २० विधानं आहेत. गेल्या आठवड्यात तसं किती दिवस वाटलं, यावर प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण ६०. १६ किंवा अधिक आले तर पुढे चौकशी करायची. यातलं एक विधान रडू येण्याबद्दल आहे आणि अभ्यासकांना ते पुन्हा पुन्हा खटकलेलं आहे.

समजा, एक मुलगा आणि एक मुलगी सारखेच खचलेत. झोप उडालीय, जेवण जात नाही. रडण्याच्या विधानापुढे मुलगी 'तीन-चार दिवस' यावर खूण करते. 'मुलीसारखा रडतोस काय' हे ऐकत वाढलेला मुलगा शून्यावर. हा दोन गुणांचा फरक रडण्याच्या मुभेचा आहे.

अर्थात, मुलींचं उत्तर वर आलं एवढ्यावरून विधानात खोट आहे असं म्हणता येत नाही. त्या खरंच जास्त खचलेल्या असतील. म्हणून एकूण गुण सारखे असलेली मुलं-मुली शेजारी ठेवतात: दहाच्या आसपासची एकत्र, विसाच्या आसपासची एकत्र. प्रत्येक टप्प्यावर मुलींचं रडण्याचं उत्तर वरच राहिलं, तर दोष विधानाचा. इथे एक गोची आहे. त्या एकूण गुणांत संशयित विधानही मिसळलेलं असतं. मग सदोष ठरलेली विधानं वगळून बेरीज नव्याने करतात आणि तपासणी पुन्हा.

दुसरी वाट घटक विश्लेषणाची. तिथे आधी दोन्ही गटांत तीच विधानं एकत्र गुंफलेली दिसतात का, हे पाहतात. मग प्रत्येक विधानाचं वजन सारखं आहे का, हे. तिसरी पायरी सगळ्यात अवघड. भाजीवाल्याचा काटा रिकामा असतानाच पाव किलो दाखवत असेल, तर बाकी सगळं बिनचूक असूनही गिऱ्हाईक नागवलं जातं. दोन्ही गटांचा काटा एकाच जागेवरून सुरू होतो, हे ठरल्याशिवाय सरासऱ्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. एखाददुसरं विधानच अडलं, तर तेवढ्यापुरती सूट देऊन हिशेब पुढे नेतात.

मग रडण्याचं विधान काढूनच टाकावं? मला ते पटत नाही. रडू येणं हे खरं लक्षण आहे. शिवाय ते काढलं की बेरीज ५७ वर येते आणि १६ ची रेघ नव्याने आखावी लागते. पण ठेवायचं, तर १५ गुणांवर थांबलेल्या मुलालाही बोलवायला हवं. वरच्या जोडीतली मुलगी १७ गुणांवर समुपदेशकाकडे गेली असेल, तर हा तोच मुलगा आहे.