दंतवैद्यकाचं सर्वांत अवघड वर्ष

नीटचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि एमबीबीएस थोडक्यात हुकलेल्या घरांमध्ये बीडीएसचा विषय निघतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या घरांना त्यासाठी पुण्या-मुंबईकडे बघावं लागत नाही. लोणीला प्रवरा संस्थेचं रूरल डेंटल कॉलेज आहे, नगरला यशवंतराव चव्हाण दंत महाविद्यालय आहे, संगमनेरला एसएमबीटीचं आहे. एकाच जिल्ह्यात तीन. मग ओळखीतला एखादा दंतवैद्य गाठून आई-वडील विचारतात, ‘यातलं अवघड वर्ष कोणतं हो?’ उत्तर बहुतेक वेळा ‘पहिलं’ किंवा ‘शेवटचं’ असं मिळतं. मला ते पटत नाही. माझ्या मते दुसरं वर्ष सगळ्यांत अवघड, आणि त्याचं कारण घरच्यांना आधीच ठाऊक असेल तर त्या वर्षी अडखळलेल्या मुलाला कुणी आळशी ठरवणार नाही.

बीडीएस म्हणजे चार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप. लोणीचं कॉलेज अभिमत विद्यापीठाचं, त्यामुळे तिथली परीक्षा तिथेच होते. नगर आणि संगमनेरची कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली. विषय मात्र सगळीकडे तेच, कारण ते भारतीय दंत परिषदेच्या २००७ च्या नियमांनी ठरवून दिलेले आहेत. पास व्हायला लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के लागतात. एक विषय राहिला तर पुढच्या वर्गात बसता येतं, पण तो सुटल्याशिवाय पुढची परीक्षा देता येत नाही. दोन राहिले की बॅच पुढे जाते आणि मूल मागे राहतं.

पहिल्या वर्षाचा धाक खोटा नाही. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन, दातांची रचना असे तीन भले मोठे विषय असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठीत शिकून आलेल्या मुलीला डिसेक्शन हॉलमधला फॉर्मेलिनचा वास आठवड्याभरात सवयीचा होतो, पण नसांची आणि स्नायूंची लांबलचक नावं इंग्रजीत तोंडावर बसायला दिवाळी उजाडते. व्हायवाला उत्तर येत असूनही वाक्य जुळत नाही म्हणून रडणारी मुलं दरवर्षी असतात. तरीही हे संकट ओळखीचं आहे. अकरावी-बारावीची दोन वर्षं त्यांनी पाठांतरच केलेलं असतं. नीटमध्ये १८० प्रश्न आणि ७२० गुण असतात, आणि त्या सगळ्यात हाताला काम एकच: उत्तराचा गोल काळा करणं.

दंतवैद्याचा व्यवसाय मात्र हातावर उभा आहे. प्रवेशाच्या वाटेवर तो हात कुणीच तपासत नाही. कॅनडात अनेक वर्षं दंतवैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेत साबणाचा ठोकळा दिलेल्या मापाने कोरून दाखवावा लागे, अमेरिकेत एकेकाळी खडू कोरायला देत. या परीक्षा पुढे बंद झाल्या आणि आपल्याकडे तशी सुरू करा असं माझं म्हणणं नाही. सतराव्या वर्षी सुबक कोरता येत नाही म्हणून कुणाचं दार बंद होऊ नये, कारण हात घडवता येतो. पण तो घडायला वेळ लागतो, आणि आपल्या रचनेत तो सगळा वेळ दुसऱ्या वर्षाच्या डोक्यावर येऊन पडतो.

त्याची चुणूक पहिल्या वर्षीच दिसलेली असते. मेणाचा ठोकळा आणि लेक्रॉन कार्व्हर घेऊन एकेक दात कोरायचा. पुढचे दात जमतात. दाढ आली की उंचवटे, खाचा, कडा सगळं एकमेकांत गुंततं. एक कड जास्त तासली गेली की ती परत लावता येत नाही, नवा ठोकळा घ्यायचा. पण तिथे लेखी पेपर सांभाळून घ्यायला असतो. दुसऱ्या वर्षी तोही आधार जातो.

दुसऱ्या वर्षाच्या वेळापत्रकात पॅथॉलॉजी-मायक्रोबायोलॉजी, फार्माकॉलॉजी आणि डेंटल मटेरिअल्स हे घोकायचे विषय तर आहेतच. त्यांच्या जोडीला प्रीक्लिनिकल कॉन्झर्व्हेटिव्ह आणि प्रीक्लिनिकल प्रोस्थो असे दोन विषय येतात, आणि या दोन्हींना लेखी पेपरच नाही. परीक्षकासमोर काम करायचं, व्हायवा द्यायची, एवढंच. तिथे पाठांतर हाताशी येत नाही.

कॉन्झर्व्हेटिव्हमध्ये किडलेला दात भरायला शिकतात. प्लास्टरमध्ये बसवलेल्या किंवा फँटम हेडच्या, म्हणजे सरावासाठीच्या कृत्रिम डोक्याच्या, जबड्यातल्या दाताला मापात खड्डा करायचा. अमेरिकेच्या जी. व्ही. ब्लॅक यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केलेली खड्ड्यांची वर्गवारी आजही सुरुवातीला शिकवली जाते. खालच्या दाढेचा साधा पहिल्या वर्गाचा खड्डा घेतला तरी खोली दीड ते दोन मिलिमीटर, तळ सपाट, भिंती वरच्या बाजूला किंचित आत झुकलेल्या म्हणजे भरलेलं चांदीचं मिश्रण निसटून येणार नाही, आणि आतले कोपरे गोलसर, कारण टोकदार कोपऱ्यापाशी दात तडकतो. हे वाचायला पाच मिनिटं लागतात. करायला हातात असतो मिनिटाला तीन लाखांहून जास्त फेरे घेणारा एअररोटर. बोट जरा दाबलं गेलं की अर्धा मिलिमीटर जादा गेलाच, आणि खऱ्या तोंडात तो अर्धा मिलिमीटर नसेपर्यंत पोचू शकतो.

वरच्या दाढांना तर सरळ नजर पोचत नाही. डाव्या हातात छोटा आरसा धरून त्यातल्या प्रतिबिंबात बघत उजव्या हाताने काम करायचं. आरशात पुढचं मागे दिसतं, म्हणून हात नेमका उलट्या दिशेला जातो. डोळ्यांना आणि बोटांना जन्मापासून लागलेली सवय इथे मोडून नवी लावावी लागते. बुद्धिमत्तेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. वर्गात पहिली आलेली मुलगी इथे आठवडेच्या आठवडे चाचपडते आणि मागच्या बाकावरचा, घरी सुतारकाम बघत वाढलेला मुलगा तिसऱ्या दिवशी सफाईने खड्डा करून देतो. दोघांनाही हे नवीनच असतं. अनेक हुशार मुलांना आपण एखाद्या गोष्टीत मागे पडू शकतो हे आयुष्यात पहिल्यांदा इथे कळतं, आणि ते पचवणं हाच त्या वर्षाचा सर्वांत जड भाग आहे.

प्रोस्थोची लॅब ही दुसरी कसोटी. कवळीसाठी मेणाच्या कडेवर २८ दात एकामागून एक बसवायचे. वरचे मधले दोन आधी, शेजारचे त्यांच्यापेक्षा केसभर वर, सुळ्याचं टोक पातळीला टेकलेलं, मग दाढा एका वळणात. तापवलेल्या सुरीने मेण वितळवून प्रत्येक दात पक्का करायचा. चौदावा दात लावताना सुरी जरा जास्त तापली तर बाराव्याखालचं मेण ढिलं होतं, तो हलतो, त्याच्यासोबत शेजारचेही, आणि वरची पंगत खालच्या पंगतीला नीट मिळेनाशी होते. सगळं उपसून पुन्हा पहिल्यापासून. नगरच्या एप्रिल-मेच्या उन्हात मेण आधीच मऊ पडलेलं असतं, त्यात प्रत्येकाच्या टेबलावर बर्नर पेटलेला. लवंगेच्या तेलाचा वास, प्लास्टरने पांढरे झालेले ॲप्रन, आणि चार वाजता सबमिशन. भाकरी पुस्तकावरून थापता येत नाही, तसंच हेही. दहा बिघडल्यावर अकरावी जमते. फरक इतकाच की इथे बिघडलेल्या प्रत्येक कामावर सरांची सही अडलेली असते आणि सही नसेल तर परीक्षेला बसायची पंचाईत.

तिसऱ्या वर्षी खरा पेशंट समोर येतो. जनरल मेडिसिन, सर्जरी आणि ओरल पॅथॉलॉजीचे पेपर असतातच, शिवाय खालच्या जबड्याच्या नसेला पहिलं इंजेक्शन द्यायचं असतं, पहिली दाढ काढायची असते. रात्रभर झोप लागत नाही असं मुलं सांगतात. पण तेव्हा पाठीमागे शिक्षक उभे असतात आणि भीतीचा तो काळ लवकर सरतो.

चौथ्या वर्षाचे वकील जास्त आहेत आणि त्यांची बाजूही भक्कम आहे. आठ विषय, प्रत्येकाची लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा, शिवाय ठरलेल्या संख्येने पेशंट पूर्ण करायचा क्वोटा. ग्रामीण भागात हा क्वोटा पेशंटच्या पोटापाण्याशी बांधलेला आहे. पूर्ण कवळीला साधारण पाच खेपा लागतात: माप, पुन्हा माप, जबड्यांची ठेवण, मेणातली चाचणी, आणि शेवटी कवळी बसवणं. पाथर्डीकडच्या वाडीतून आजीबाई एसटीने येणार, सोबतीला मुलगा येणार, त्याचा रोज बुडणार. दिवाळीनंतर घर ऊसतोडीला निघालं की तिसऱ्या खेपेनंतर त्या दिसतच नाहीत, आणि विद्यार्थ्याची केस अर्धवट राहते. यात दोष कुणाचाच नसतो. लेखी अभ्यासाने सुटेल अशी ही अडचण नाही हेही खरं.

तरीही चौथ्या वर्षाचा भार दुसऱ्या वर्षाने तयार केलेल्या हातावरच पडतो, आणि आपल्या गावाकडची तोंडं फँटम हेडपेक्षा कितीतरी अवघड असतात. मिसरीने काळवंडलेले दात, हललेल्या हिरड्या, आणि सुपारी-गुटख्यामुळे आखडलेले जबडे. मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या आखडण्याच्या विकाराचं वर्णन केलं होतं. आज ओपीडीत त्याला सगळे ओएसएमएफ म्हणतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण तोंडात दोन बोटंही शिरत नाहीत असे पंचविशीतले पेशंट खुर्चीत येऊन बसतात. तिथे आरसा तिरका धरायलाही जागा नसते. ज्याने प्लास्टरमधल्या दाढेवर आरशात बघून काम करायचं अंगी बाणवून घेतलंय, त्याला त्या इवल्याशा फटीतून वाट सापडते. बाकीच्यांना पेशंटच्या जिवावर शिकावं लागतं.

म्हणून प्रवेश घेताना फी आणि होस्टेलच्या बरोबरीने आणखी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. फँटम हेड किती आहेत, आणि एकाच्या वाट्याला आठवड्यातून किती तास येतात? संध्याकाळी लॅब उघडी असते का, आणि तिथे एखादा शिक्षक किंवा सीनिअर असतो का? बिघडलेलं काम परत करायला मुभा आहे, की पहिल्याच प्रयत्नाला गुण आहेत? आणि मूल दुसऱ्या वर्षाला असताना दिवाळीला घरी आलं आणि ओल्या साबणाच्या वडीवर चाकू घेऊन बसलं, तर त्याला किराणा आणायला पाठवू नये.