चोरीला गेलेलं खोगीर सापडलं, पण ते आपलंच आहे हे सिद्ध कसं करायचं?

तुळशीचं लग्न लागलं की जालना जिल्ह्यात लग्नसराईची गडबड सुरू होते. मंगल कार्यालय, बँड, केटरिंग यांच्याबरोबर आणखी एकाची वही भरायला लागते, ती घोडेवाल्याची. परण्याला आणि वरातीला नवरदेवासाठी घोडा लागतोच. मग ते लग्न भोकरदनचं असो, परतूरचं असो की मंठ्याचं.

लोकांना दिसतो तो घोडा आणि त्याचा नाच. पण घोडेवाल्याचं अर्धं भांडवल घोड्याच्या अंगावर असतं. खोगीर, लगाम, रिकिबी, तंग, दुमची, जरीची झूल, कलगी, गोंडे, घुंगरं. या सगळ्याला मिळून साज म्हणतात. हा साज ऐन सराईत चोरीला गेला तर घोडा तबेल्यात उभा राहतो आणि घेतलेली सुपारी परत करावी लागते.

आता विषय असा आहे की साज चोरीला जाऊ नये म्हणून बहुतेक जण कुलूप लावतात. ते बरोबरच आहे. पण चोरी झाल्यावर साज परत मिळणार की नाही, हे कुलपावर ठरत नाही. ते ठरतं चोरीच्या आधी केलेल्या दोन-तीन साध्या कामांवर.

घोड्यापेक्षा साज चोरणं सोपं का?

घोडा लपवणं अवघड असतं. त्याला चारा लागतो, तो खिंकाळतो, आणि त्याचा रंग, कपाळावरचा टिळा, अंगावरचे भोवरे ओळखणारे लोक पंचक्रोशीत असतात. खोगिराचं तसं नाही. ते पोत्यात घालून मोटारसायकलवर नेता येतं. एका कारागिराने एकाच साच्यात केलेली दहा खोगिरं समोर ठेवली, तर मालकालाही आपलं कोणतं ते पटकन सांगता येत नाही.

याच जिल्ह्यातलं एक उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२२ मध्ये घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ इथल्या मंदिरातून राम, लक्ष्मण, सीता यांच्या प्राचीन मूर्ती चोरीला गेल्या. समर्थ रामदासांचं हे जन्मगाव, त्यामुळे राज्यभर खळबळ उडाली. त्याच वर्षी पोलिसांनी मूर्ती शोधून काढल्या. त्या मूर्ती गावाने पिढ्यानपिढ्या डोळ्यांनी पाहिलेल्या होत्या. दुकानातून घेतलेल्या लगामाला असा गाव साक्षीला नसतो. त्याची ओळख मालकालाच तयार करून ठेवावी लागते.

साज जातो कुठून?

धोक्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली तबेल्याशेजारची खोली किंवा पत्र्याची शेड. दुसरी जागा टेम्पो. वरात संपली, सामान टेम्पोत टाकलं आणि सगळे जेवायला पंगतीत बसले, की मागचा फाळका उघडाच असतो. तिसरी जागा मांडवाचं दार. नवरदेव उतरला की कलगी आणि झूल काढून खुर्चीवर ठेवली जाते आणि गर्दीत ती तिथेच राहते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. खोलीत भिंतीत पक्की बसवलेली कडी असावी आणि साखळी खोगिराच्या सांगाड्यातून व रिकिबीतून ओवून तिला कुलूप लावावं. छोट्या वस्तू लोखंडी पेटीत ठेवाव्यात. चामडं मात्र प्लास्टिकमध्ये गच्च बांधू नये, पावसाळ्यात त्याला बुरशी लागते. निघताना आणि परत आल्यावर वस्तूंची मोजदाद करावी आणि ते काम एकाच माणसाकडे असावं. सगळ्यांचं काम असलं की ते कुणाचंच नसतं.

खूण कुठे आणि कशी करायची?

रिकिबी, लगामाची कडी, बकल या धातूच्या वस्तूंवर ठशाने अक्षरं किंवा आकडे ठोकता येतात. जालना हे सळयांच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाणारं शहर आहे. वर्कशॉपमध्ये असे पोलादी ठसे असतातच. मालकाच्या नावाची आद्याक्षरं आणि मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे एवढं पुरतं. आधार क्रमांक टाकू नये.

चामड्यावर खूण दोन ठिकाणी करावी. एक सहज दिसेल अशी, म्हणजे चोराला आणि विकत घेणाऱ्याला दोघांनाही कळेल. दुसरी लपलेली, खोगिराच्या पंखाच्या आतल्या बाजूला किंवा गादीखाली. झुलीच्या अस्तरात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने चार टाके घातले तरी चालतं. दिसणारी खूण चोर खरवडून काढू शकतो. लपलेली खूण कुठे आहे हे फक्त मालकाला माहीत असतं आणि पुढे तीच कामाला येते.

त्यानंतर फोटो. पूर्ण साजाचा एक, प्रत्येक वस्तूचा एक आणि खुणेचा जवळून एक. जुनी शिवण, डाग, बदललेलं बकल, झिजलेली कड हेही टिपून ठेवावं. दुरुस्तीच्या खुणा म्हणजे वस्तूचा अंगठ्याचा ठसाच. हे फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरही पाठवून ठेवावेत.

आणि बिल. कानपूर हे खोगीर-लगामाच्या कामासाठी देशभर प्रसिद्ध आहे, तिथल्या या उद्योगाला भौगोलिक मानांकनही आहे. नंदुरबार जिल्ह्यातलं सारंगखेडा किंवा नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव इथल्या यात्रांमध्येही घोड्यांचा बाजार भरतो. यात्रेतल्या दुकानात पक्कं बिल मिळत नाही अशी तक्रार असते. अशा वेळी साध्या कागदावर वस्तू, किंमत, तारीख आणि दुकानदाराची सही घ्यावी. पैसे यूपीआयने दिले तर त्याची नोंद आपोआप राहते.

कायद्यातली ५ हजारांची रेघ

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरीचं कलम आता ३०३ आहे. साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

पण इथे एक बारीक मुद्दा आहे. वस्तूची किंमत ५ हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर ती चोरी अदखलपात्र ठरते. म्हणजे पोलीस नोंद घेतात, बोलीभाषेत ज्याला एनसी म्हणतात ती, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. अशा प्रकरणात आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची असते.

आता समजा, मांडवाच्या दारातून लगाम, रिकिबी, झूल आणि कलगी असं सगळं गेलं. घाबरलेला मालक पोलीस ठाण्यात जाऊन म्हणतो, ‘साहेब, लगाम चोरीला गेला.’ बाकीच्या वस्तू त्याला दुसऱ्या दिवशी आठवतात. एकट्या लगामाची किंमत रेघेच्या खाली राहते, सगळ्या वस्तूंची मिळून वर जाते. म्हणून पूर्ण यादी आणि प्रत्येक वस्तूची खरी किंमत पहिल्याच तक्रारीत यायला हवी. किंमत फुगवून सांगण्यात शहाणपणा नाही. पुढे बिल आणि पंचनामा जुळला नाही, तर मालकाच्याच बोलण्यावर शंका येते.

वस्तू कुठून गेली हेही तितकंच महत्त्वाचं आहे. राहत्या घरातून किंवा सामान ठेवण्याच्या इमारतीतून चोरी झाली, तर कलम ३०५ लागतं. माल किंवा प्रवासी वाहतुकीच्या वाहनातून सामान चोरलं तरी हेच कलम. देवस्थानातल्या मूर्तीची चोरीही आता याच कलमात येते. यात ७ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. ‘साज गेला’ आणि ‘कुलूपबंद खोलीतून साज गेला’ या दोन वाक्यांमध्ये कायद्याच्या दृष्टीने एवढा फरक आहे.

साज उसना दिला आणि घेणाऱ्याने तो परतच केला नाही, तर ती सहसा चोरी ठरत नाही. तो फौजदारी विश्वासघाताचा, म्हणजे कलम ३१६ चा विषय होऊ शकतो. त्यामुळे उसना साज देतानाही व्हॉट्सॲपवर फोटोसह एक ओळ लिहून ठेवलेली बरी.

तक्रार कुठे करायची?

बरेचदा घोडा अंबडचा, लग्न जाफराबादला आणि चोरी लक्षात येते ती घरी आल्यावर. मग हद्द कोणाची यावरून मालक फिरत राहतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली, तर ३ दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते.

ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं आणि तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाता येतं. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

सोशल मीडियावर टाकताना एक गोष्ट राखून ठेवावी

घोडेवाल्यांचे, यात्रांचे, शर्यतींचे ग्रुप असतात. चोरीच्या साजाचा फोटो तिथे लवकर टाकला तर फायदा होतो, कारण चोराला गिऱ्हाईक याच मंडळींमध्ये शोधावं लागतं. जवळच्या चर्मकाराला आणि साज दुरुस्त करणाऱ्याला कळवून ठेवणंही तितकंच उपयोगाचं.

मात्र लपलेल्या खुणेचा फोटो टाकू नये. ती जगजाहीर झाली की चोर ती काढून टाकेल, किंवा दुसराच कोणी ‘हे माझं आहे, ही बघा खूण’ म्हणत उभा राहील. पोलिसांना मात्र ती खूण तक्रारीतच सांगावी.

कुणाच्या घोड्यावर आपला साज दिसला, तर हिसकावून घ्यायला जाऊ नये. त्यातून मारामारी झाली तर फिर्यादीच आरोपी होतो. फोटो काढावा, जागा टिपावी आणि पोलिसांना सांगावं. तातडी असेल तर ११२ नंबर आहेच. ऑनलाइन विक्रीला दिसला तर लिंक आणि तारखेसह स्क्रीनशॉट घ्यावा.

सापडलेला साज हातात कधी मिळतो?

पोलिसांनी जप्त केलेली वस्तू मुद्देमाल म्हणून जमा होते. सारख्या दिसणाऱ्या वस्तूंमध्ये ठेवून मालकाला ती ओळखायला सांगितलं जाऊ शकतं. लपलेली खूण, जुनी शिवण आणि फोटो यांची खरी परीक्षा इथे होते.

‘आता खटला संपेपर्यंत खोगीर ठाण्यातच सडणार’ असं समजून अनेक जण नाद सोडतात. तसं करायची गरज नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं की, जप्त वस्तू विनाकारण ठाण्यात पडून राहू नयेत. पंचनामा आणि फोटो करून, हमीपत्र घेऊन त्या योग्य व्यक्तीला परत द्याव्यात. नव्या संहितेच्या कलम ४९७ मध्ये त्याला मुदतीही आल्या आहेत. वस्तू न्यायालयापुढे आल्यावर १४ दिवसांत तिचं वर्णन तयार करायचं, फोटो काढायचे आणि त्यानंतर ३० दिवसांत ती कुणाला द्यायची याचा आदेश करायचा.

मालकाने न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. सोबत एफआयआरची प्रत, बिल आणि फोटो जोडायचे. वस्तू सुपूर्तनाम्यावर मिळाली, तर खटला संपेपर्यंत ती विकायची नाही आणि न्यायालयाने मागितली तर हजर करायची. रोजच्या कामाला साज वापरायचा असेल तर अर्जातच तशी परवानगी मागावी.

मालक कोण हेच कळलं नाही, तर न्यायदंडाधिकारी जाहीर सूचना काढतात आणि हक्क सांगायला ६ महिने देतात. त्या मुदतीत कोणी हक्क सिद्ध केला नाही, तर वस्तू सरकारजमा होऊ शकते. सापडलेला माल मालकाच्या हातून जाण्याची ही सगळ्यात वाईट तऱ्हा.

स्वस्तात साज घेणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावं?

वापरलेला साज विकत घेण्यात गैर काही नाही. पण चोरीची वस्तू पैसे मोजून घेतली म्हणून ती आपली होत नाही. विकणाऱ्याकडेच मालकी नसेल तर घेणाऱ्याकडे ती येणार कुठून, हे तत्त्व १९३० च्या वस्तू विक्री कायद्यात आहे. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असूनही घेतला, तर कलम ३१७ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

खरवडलेली रिकीब, नुकताच कापून काढलेला चामड्याचा तुकडा, निम्म्याहून कमी भाव आणि ‘बिल-बिल काही नाही’ हे उत्तर एकत्र आलं, तर व्यवहार सोडून द्यावा.

थोडक्यात, कुलूप चोराला उशीर करतं आणि पोलीस वस्तू शोधतात. पण ‘हे माझं आहे’ हे सिद्ध करायचं काम मालकाचंच राहतं. दोन ठसे, दहा फोटो आणि एक यादी. लग्नसराई सुरू व्हायच्या आधीच्या एका दुपारी हे सगळं उरकतं.