दारामागची पिशवी

पाठीवरची पिशवी म्हटली की आपल्या महाविद्यालयातल्या मंडळींना राजमाची किंवा हरिश्चंद्रगड आठवतो. मी लिहिणार आहे ती पिशवी गडावर न्यायची नव्हे. ती विक्रोळीच्या पार्कसाइटच्या टेकडीवरून, मध्यरात्री, भर पावसात, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन खाली उतरताना पाठीवर असायची आहे.

१८ जुलै २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आमच्या विक्रोळीतच सूर्यनगरात दरड कोसळली; त्याच रात्री चेंबूरच्या भारतनगरात घरे गाडली गेली. माणसे झोपेतच गेली. टेकडीची माती पाणी पिऊन जड होते आणि तिची पकड सुटते. कधीकधी आधी खुणा दिसतात: भिंतीतून गढूळ पाणी झिरपते, दार चौकटीत अडकू लागते, विजेचा खांब कलतो. अशा वेळी पिशवी उचलायची असते, भरत बसायचे नसते.

परदेशी पुस्तके तीन दिवसांची शिदोरी घ्यायला सांगतात. आमच्या अरुंद, शेवाळलेल्या पायऱ्यांवर तेवढे ओझे म्हणजे कपाळमोक्षच! मी पाच किलोंची मर्यादा घातली आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणून बाटल्या दोनच, आणि जोडीला क्लोरीनच्या गोळ्या. शिजवावे लागेल असे काही नाही. चणे, गूळ, चिक्की पुरे. मेणबत्ती मुळीच नको, कारण पडलेल्या घरात सिलिंडर गळत असू शकतो. बॅटरी घ्यावी आणि तिचे सेल वेगळे ठेवावेत. शिट्टी मात्र हवीच. ढिगाऱ्याखाली ओरडून घसा बसतो, शिट्टी वाजवायला फार दम लागत नाही. पंचा झोळीला, पट्टीला, अंग पुसायला कामी येतो. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या, सॅनिटरी पॅड, आणि बाहेर बांधलेले बंद बूट. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोची साथ आली होती, पायावर जखम असेल तर चिखलपाणी बाधते.

पण या पिशवीतली सर्वांत मोलाची वस्तू पाव किलोचीही नाही: कागदपत्रे. पुनर्वसनाच्या वेळी ‘तुमचे काय गेले’ यापेक्षा ‘तुम्ही येथे केव्हापासून राहता’ हा प्रश्न मोठा ठरतो. झोपडपट्टी पुनर्वसनात मोफत घरासाठी १ जानेवारी २००० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. त्यानंतर २०११ पर्यंत आलेल्यांना पैसे भरावे लागतात. म्हणजे एखादे जुने वीजबिल, फोटोपास, रेशनकार्ड चिखलात गेले तर घराबरोबर घरावरचा हक्कही धोक्यात येतो. यांची छायाचित्रे मोबाइलमध्ये असावीतच, एक प्रत गावाकडच्या नातलगाकडेही असावी. पण अस्सल कागद दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून पाठीला लागून ठेवावेत. महापालिकेचा १९१६ हा आपत्कालीन क्रमांक आणि घरच्यांचे क्रमांक कागदावर लिहावेत. भिजलेला मोबाइल काय कामाचा?

आजीने आमच्या पिशवीत देवाचा टाक घातला आहे. मी वजन करून पाहिले, पन्नास ग्रॅमसुद्धा भरला नाही. राहू दिला.

पिशवी माळ्यावर नव्हे, दारामागच्या खुंटीवर टांगायची, अंधारात हात जाईल अशी. मे महिन्याच्या अखेरीस ती भरतो. दसऱ्यानंतर उतरवतो, औषधांच्या तारखा पाहतो, कागद पुन्हा ट्रंकेत जातात आणि चिक्की आम्ही खाऊन टाकतो.