व्हॅलिडिटी अकरावीतच काढा, कॉलेजच्या पोरांचं सांगणं

इंजिनिअरिंगला गेलेली गावातली पोरं सुट्टीत आली की अकरावीवाल्यांना अभ्यासाआधी एकच सांगतात, जात पडताळणी बारावीच्या निकालावर ठेवू नका. आमच्या भावकीतल्या एकाची राखीव जागा अशीच गेली. मार्क होते, कागद नव्हता. जातीचा दाखला वेगळा, व्हॅलिडिटी वेगळी. सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत जिल्हा समितीकडे अर्ज करता येतो (आदिवासींची समिती वेगळी).

वेळ खातात ते जुने कागद. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ आधीचा, एससीला १० ऑगस्ट १९५० आधीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबांचा शाळेचा उतारा शोधा, नाहीतर तहसीलला कोतवाल बुकाची नक्कल मागा. आडनावात काना-मात्रेचा फरक असेल तर आत्ताच बघा, त्रुटी तिथंच निघते.